मौलाबक्षांची पणती

गुप्तहेर म्हटले की माझ्या वयाच्या मराठी वाचकाला दोन नावे हटकून आठवतात. एक शिवरायांचे बहिर्जी नाईक आणि दुसरा बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार. पहिल्याची ओळख पाठ्यपुस्तकाने करून दिली, दुसऱ्याची वाचनालयाने. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र सारखीच होती. हेरगिरी हे पुरुषांचे काम. कथेत बाई असलीच तर तिला कोणीतरी पळवून नेलेले असे, नाहीतर ती स्वतःच दगा देणारी असे. संदेश पोचवणारी, वेष पालटणारी, शत्रूच्या गोटात एकटी राहणारी बाई आमच्या कल्पनेत नव्हती.

आजच्या मुलांच्या कल्पनेत ती आहे आणि ती जपानमधून आली आहे. ‘अॅनिमे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी चित्रमालिका आमच्या शाळेतली मुले मोबाईलवर पाहतात. नववीतल्या एका मुलीने मला अशाच एका मालिकेविषयी विचारले म्हणून मी ती बसून पाहिली. ‘प्रिन्सेस प्रिन्सिपल’ हे तिचे नाव. २०१७ साली जुलै ते सप्टेंबर या काळात जपानी दूरचित्रवाणीवर तिचे बारा भाग दाखवले गेले. एक कल्पित राज्य, त्याची राजधानी लंडन, त्या शहराच्या मधोमध भिंत आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकमेकांवर टपलेल्या दोन राजवटी. एका नामांकित शाळेत शिकणाऱ्या पाच मुली प्रत्यक्षात पलीकडच्या राजवटीच्या गुप्तहेर आहेत. त्या गाड्यांचा पाठलाग करतात, छपरांवरून उड्या मारतात, बंदुका चालवतात. नायिकेचे मुख्य शस्त्र मात्र बंदूक नाही, खोटे बोलणे हे आहे.

मुलीचा प्रश्न सरळ होता. “सर, अशा बायका खरंच होत्या का?”

होत्या. पण त्यांचा इतिहास त्या मालिकेहून साधा आहे आणि त्याहून अधिक अस्वस्थ करणारा आहे. त्यातल्या एकीचे मूळ तर थेट आपल्या बडोद्यात पोचते. म्हणून हा लेख.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला. हिटलरचे सैन्य इंग्लिश खाडीपर्यंत येऊन भिडले. युरोपच्या भूमीवर उतरून लढण्याइतके बळ ब्रिटनजवळ तेव्हा नव्हते. म्हणून जुलै १९४० मध्ये चर्चिल यांच्या सरकारने एक गुप्त संघटना उभी केली. तिचे नाव ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’, म्हणजेच एस.ओ.ई. जर्मनांनी व्यापलेल्या देशांत माणसे उतरवायची, तिथल्या भूमिगतांना शस्त्रे आणि पैसा पुरवायचा, पूल, कारखाने आणि रेल्वेमार्ग उडवायचे, हे तिचे काम. तिचे मुख्यालय लंडनच्या बेकर स्ट्रीटवर ६४ क्रमांकाच्या इमारतीत होते. शेरलॉक होम्सचा पत्ता ज्या रस्त्यावरचा, तोच हा रस्ता. फ्रान्ससाठी तिचा एक स्वतंत्र विभाग होता. १९४१ पासून मॉरिस बकमास्टर हे त्याचे प्रमुख होते आणि व्हेरा अॅटकिन्स या त्यांच्या अत्यंत दक्ष सहकारी. अॅटकिन्सबाईंचा जन्म रुमानियातला, १९०८ सालचा. त्यांचे नाव या कथेत पुन्हा येणार आहे.

सुरुवातीला फ्रान्समध्ये पुरुष पाठवले गेले. पण लवकरच एक अडचण जाणवू लागली. जर्मन लोक फ्रान्समधल्या धडधाकट तरुणांना कारखान्यांत मजुरीसाठी पकडून नेत होते. भर दिवसा सायकलवरून हिंडणारा तरुण लगेच नजरेत भरे. पिशवी घेऊन बाजाराला निघालेल्या बाईकडे मात्र कोणाचे लक्ष जात नसे. शेवटी १९४२ साली स्त्रियांना या कामावर पाठवण्यास मंजुरी मिळाली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरच्या रात्री आंद्रे बोरेल आणि लीझ द बेसाक या दोघी हवाई छत्रीने फ्रान्समध्ये उतरल्या. छत्रीने उतरलेल्या या विभागाच्या त्या पहिल्या स्त्रिया. पुढे युद्ध संपेपर्यंत या विभागाने एकूण ३९ स्त्रिया फ्रान्समध्ये पाठवल्या. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश परत आल्या नाहीत.

या कोण होत्या? राजकन्या नव्हत्या, कसलेल्या मारेकरीही नव्हत्या. व्हायोलेट साबो लंडनमध्ये दुकानात विक्रेतीचे काम करीत असे. तिचा नवरा १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये एल अलामीनच्या लढाईत मारला गेला, तेव्हा तिची मुलगी अवघ्या चार महिन्यांची होती. व्हर्जिनिया हॉल ही अमेरिकन बाई. शिकारीत झालेल्या अपघातात तिचा एक पाय गेला होता आणि ती लाकडी पायावर चालत असे. त्या पायानिशी तिने १९४२ च्या नोव्हेंबरात पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेन गाठले आणि १९४४ मध्ये, या वेळी अमेरिकनांच्या वतीने, ती पुन्हा फ्रान्समध्ये गेली. नॅन्सी वेकने हरवलेला वायरलेस संपर्क पुन्हा जोडण्यासाठी सुमारे ५०० किलोमीटर सायकल मारली. त्यांच्यात समान गोष्ट एकच होती. त्यांना फ्रेंच बोलता येत होते.

आता कायद्याची गंमत पाहा. ब्रिटिश सैन्यदलांच्या नियमांप्रमाणे स्त्रीला शस्त्र हाती घेता येत नव्हते. म्हणून या स्त्रियांपैकी बहुतेकींची नोंद ‘फर्स्ट एड नर्सिंग योमनरी’ या १९०७ साली स्थापन झालेल्या शुश्रूषा करणाऱ्या स्वयंसेवी पथकात करण्यात आली. कागदावर परिचारिका आणि प्रत्यक्षात पिस्तूल, स्फोटके व नि:शस्त्र झुंज यांचे शिक्षण! हे शिक्षण स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात होई. छत्रीने उड्या मारण्याचा सराव मँचेस्टरजवळ होई. शेवटचा धडा दक्षिण इंग्लंडमधल्या ब्यूली येथील बंगल्यांत मिळे. तिथे मध्यरात्री झोपेतून उठवून, जर्मन गणवेश घातलेले शिक्षक खोटी उलटतपासणी घेत. पकडली गेलीस तर पहिले ४८ तास तोंड मिटून काढ, तेवढ्यात बाकीचे पांगतील, एवढीच अपेक्षा ठेवलेली असे.

सर्वांत धोक्याचे काम वायरलेस चालवणाऱ्याचे. बिनतारी संदेशयंत्र एका चामडी पेटीत बसवलेले असे. वजन सुमारे पंधरा किलो. पेटी साध्या बॅगेसारखी दिसे, पण उचलली की वजनाने चुगली करी. संदेश पाठवताना वीसेक मीटर लांबीची तार खिडकीबाहेर, झाडावर किंवा कौलांवर पसरावी लागे. जर्मनांच्या गाड्या लहरींचा माग काढत गल्लीबोळांतून फिरत असत. एकाच जागी फार वेळ बसले की घाला पडलाच. वायरलेस चालवणारा सरासरी सहा आठवडे टिकतो, असा त्या काळचा अंदाज होता आणि जाणाऱ्याला तो सांगितला जाई.

यंत्र लपवत घरोघर हिंडण्याची ही गोष्ट आपल्याला तशी अनोळखी नाही. याच १९४२ साली, ऑगस्टच्या आंदोलनात, मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवत होते. उषाताई तेव्हा बावीस वर्षांच्या. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपक वरचेवर एका घरातून दुसऱ्या घरात हलवावा लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावात त्यांना पकडण्यात आले. चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. म्हणजे एकाच वर्षी एकाच साम्राज्याने लंडनमध्ये तरुणींना गुप्त वायरलेस चालवायला शिकवले आणि मुंबईत गुप्त वायरलेस चालवणाऱ्या तरुणीला तुरुंगात घातले. इतिहास शिकवताना या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवतो. मुले काही क्षण गप्प राहतात, आणि मग नेमके प्रश्न विचारतात.

या दोन्ही बाजूंचे ओझे एकाच मनात वाहणारी स्त्री म्हणजे नूर इनायत खान.

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ साली गायनशाळा निघाली. तिचे संस्थापक थोर गायक आणि बीनकार मौलाबक्ष. त्यांच्या पत्नी टिपू सुलतानाच्या वंशातल्या होत्या, अशी त्या घराण्यात परंपरा आहे. मौलाबक्षांच्या मुलीचा मुलगा इनायत खान १८८२ साली बडोद्यातच जन्मला, आजोबांच्या घरी वाढला आणि गाणे शिकला. १९१० साली भावांबरोबर तो अमेरिकेला गेला आणि सूफी विचारांचा प्रसार करू लागला. तिथे भेटलेल्या ओरा रे बेकर या अमेरिकन तरुणीशी त्याने पुढे लंडनमध्ये विवाह केला. १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्कोत त्यांना पहिली मुलगी झाली. तिचे नाव नूर, म्हणजे प्रकाश. नात्याने ती मौलाबक्षांची पणती. दिवाळीच्या अंकात हा शब्द लिहिताना त्याचा दुसरा अर्थही मनात येतो, तो वाचकांच्याही येईल.

पुढे हे कुटुंब पॅरिसजवळ सुरेन येथे राहू लागले. १९२७ मध्ये वडील दिल्लीत वारले. आई खचली आणि तेरा वर्षांच्या नूरवर धाकट्या भावंडांची जबाबदारी आली. तिने सॉर्बोन विद्यापीठात बालमानसशास्त्राचा अभ्यास केला, वीणेसारखे हार्प हे वाद्य ती शिकली, मुलांसाठी गोष्टी लिहू लागली. १९३९ साली तिचे ‘ट्वेंटी जातक टेल्स’ हे पुस्तक लंडनला प्रसिद्ध झाले. दुसऱ्यासाठी स्वतःचा देह देणाऱ्या बोधिसत्त्वाच्या त्या कथा.

जून १९४० मध्ये कुटुंब इंग्लंडला निसटले. नोव्हेंबरात नूर हवाई दलाच्या स्त्री-शाखेत दाखल झाली आणि वायरलेस शिकली. अधिकारपदासाठी मुलाखत झाली तेव्हा हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला. युद्ध चालू आहे तोवर मी तुमच्याबरोबर आहे, पण युद्ध संपल्यावर माझ्या देशाची बाजू घ्यावी लागली तर मी ती घेईन, अशा आशयाचे तिचे उत्तर होते. समोर ब्रिटिश अधिकारी बसलेले असताना तिने हे सांगितले. खोटे बोलणे तिच्या स्वभावात नव्हते आणि तिला पाठवायचे होते ते खोट्यावर जगण्यासाठी.

तिच्या शिक्षकांनाही हेच खटकत होते. ती वेंधळी आहे, भावनाप्रधान आहे, गुप्त कामाला ती योग्य आहे असे वाटत नाही, अशा आशयाचे शेरे तिच्या कागदांवर आहेत. बकमास्टर यांनी ते झटकून टाकले. पॅरिसला वायरलेसची माणसे तातडीने हवी होती आणि तिचा हात यंत्रावर सफाईने चालत होता. १९४३ च्या जून महिन्यात, १६ तारखेच्या चांदण्या रात्री, लायसँडर या छोट्या विमानातून तिला फ्रान्समध्ये उतरवण्यात आले. निरोप द्यायला व्हेरा अॅटकिन्स विमानतळावर आल्या होत्या. त्यांच्या अंगावरची पक्ष्याच्या आकाराची चांदीची पिन नूरला आवडली, तशी त्यांनी ती काढून तिलाच दिली. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली स्त्री वायरलेस-चालक. सांकेतिक नाव ‘मादलेन’.

ती पोचून आठवडा होतो न होतो तोच घात झाला. फ्रान्सिस सटिल यांच्या नेतृत्वाखालचे ‘प्रॉस्पर’ हे पॅरिसमधले सर्वांत मोठे जाळे जर्मनांनी उद्ध्वस्त केले. सटिल, आंद्रे बोरेल, वायरलेस-चालक गिल्बर्ट नॉर्मन असे एकामागून एक सारे पकडले गेले. लंडनने नूरला परत येण्याविषयी सुचवले. तिने नकार दिला. मी निघाले तर इथून बोलणारे कोणी उरत नाही, हे तिचे कारण. सहा आठवड्यांचा अंदाज असताना ती जवळजवळ चार महिने टिकली. रोज नवी जागा, केसांना नवा रंग आणि हातात ती जड पेटी. एकदा ती झाडावर तार बांधत असताना एका जर्मनानेच, कपडे वाळत घालायची दोरी समजून, तिला मदत केली असे सांगतात.

आता या इतिहासाचे जे मर्म मला वाटते, त्याकडे येतो.

शत्रू वायरलेस-चालकाला पकडून त्याच्याच यंत्रावरून खोटे संदेश पाठवील, ही शक्यता लंडनने आधीच ओळखली होती. म्हणून प्रत्येकाला दोन गुप्त खुणा ठरवून दिलेल्या असत. संदेशातल्या अमुक ठिकाणचे अक्षर मुद्दाम चुकवायचे, अशा प्रकारच्या. एक खूण छळ झाल्यास शत्रूला सांगण्यासाठी, दुसरी कोणालाही न सांगण्यासाठी. दुसरी खूण संदेशात नसली की लंडनने समजायचे, माणूस पकडला गेला आहे. योजना उत्तम होती. गिल्बर्ट नॉर्मन पकडले गेल्यावर त्यांच्या नावाने संदेश गेला आणि त्यात दुसरी खूण नव्हती. लंडनने काय उत्तर दिले? तू तुझी खरी खूण विसरलास, पुढच्या वेळी काळजी घे!

वाचकहो, हे वाक्य पुन्हा वाचा. पकडलेल्या माणसाने मौन राखून आपल्या लोकांना इशारा दिला आणि त्याच्याच वरिष्ठांनी ते मौन फोडून शत्रूच्या हाती दिले.

नूरच्या बाबतीत हेच घडले. ऑक्टोबर १९४३ च्या मध्यास फितुरीमुळे ती पकडली गेली. तिच्या खोलीत यंत्र सापडले आणि पाठवलेल्या सर्व संदेशांच्या नकला लिहिलेली एक वहीदेखील. वही ठेवणे सुरक्षेच्या विरुद्ध होते. पण तिला दिलेल्या लेखी सूचनांत संदेश ‘फाइल’ करताना काळजी घ्यावी असे शब्द होते. पाठवणे या अर्थाने वापरलेल्या त्या शब्दाचा अर्थ तिने जपून ठेवणे असा घेतला असावा, असे अभ्यासकांना वाटते. परिपत्रकातल्या एका संदिग्ध शब्दाने काय होते हे कचेरीत काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको. त्यांच्या चुकीची किंमत सहसा एखाद्या खुलाशापुरती असते, एवढेच.

त्या वहीच्या आधारे जर्मन तिच्या नावाने लंडनशी बोलू लागले. सांकेतिक लिपीचे प्रमुख लिओ मार्क्स यांनी तिच्याशी एक खास संकेत ठरवला होता. संदेशाच्या किल्लीत अठरा अक्षरे कधीच घ्यायची नाहीत, ती आली की ती पकडली गेली असे समजायचे. आपल्या १९९८ च्या पुस्तकात ते लिहितात की अठरा अक्षरांचा संदेश आला, त्यांनी तो वर कळवला, पण वरच्यांनी आशा सोडली नाही. आणखी एक इशारा आला होता. पॅरिसमधल्या सोनिया ओल्शानेत्स्की या तरुण ज्यू नर्तकीने, जी तिथल्या तिथे भूमिगतांना सामील झाली होती, मादलेन संकटात असल्याचा निरोप स्वित्झर्लंडमार्गे पाठवला. लंडनच्या कार्यालयात ‘सोनिया’ हे नाव कोणाला ठाऊक नव्हते. यादीत नसलेल्या बाईचा निरोप म्हणून तो बाजूला पडला.

परिणाम १९४४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस दिसला. खोट्या संदेशांवर विसंबून लंडनने मादलेन दामरमाँ ही तरुणी आणि दोन पुरुष शार्त्र शहराजवळ छत्रीने उतरवले. खाली मैदानात दिवे घेऊन स्वागताला गेस्टापो उभे होते.

मी शिक्षक आहे, सैनिक नाही. तरी एक गोष्ट मला सांगता येते. शाळेत एखादे मूल सलग तीन दिवस आले नाही की वर्गशिक्षक निरोप पाठवतात. कारण हजेरीपटावरची रिकामी चौकट ही नुसती रिकामी नसते, ती काहीतरी सांगत असते. बेकर स्ट्रीटवरच्या माणसांनाही चौकट रिकामी दिसत होती. ती वाईट माणसे नव्हती. पण आपण पाठवलेले माणूस हरवले आहे हे मान्य करण्यापेक्षा ते विसरभोळे आहे असे मानणे त्यांना सोपे गेले. जपानी मालिकेच्या शेवटाकडे वरचे अधिकारी बदलतात आणि मुलींच्या माथी भलताच हुकूम येतो. उड्या आणि बंदुका सोडल्या तर इतिहासाशी तिचे सर्वांत जवळचे नाते मला तिथे दिसले. हेराला समोरच्या शत्रूइतकाच धोका पाठीमागच्या टेबलापासून असतो.

पॅरिसच्या अॅव्हेन्यू फोशवरच्या ८४ क्रमांकाच्या इमारतीत, गेस्टापोच्या ताब्यात असताना नूरने दोनदा निसटण्याचा प्रयत्न केला. एकदा न्हाणीघराच्या खिडकीतून, आणि नोव्हेंबरात दोन पुरुष कैद्यांबरोबर छतावरून. दोन्ही वेळा ती पकडली गेली. पुन्हा पळणार नाही असे लिहून दे, म्हणून सांगितल्यावर तिने सही केली नाही. मग तिला जर्मनीत फोर्त्सहाइमच्या तुरुंगात धाडण्यात आले. दहा महिने एकांतकोठडी, हातापायांत साखळ्या. तिने आम्हाला काहीही सांगितले नाही, असे पॅरिसमधल्या त्या कचेरीच्या जर्मन प्रमुखाने युद्धानंतर कबूल केले. ज्या मुलीला खोटे बोलता येणार नाही म्हणून शिक्षक काळजीत होते, तिला खोटे बोलावेच लागले नाही. ती गप्प राहिली. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाउच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. तिच्याबरोबर आणखी तिघी होत्या. त्यांतली एक, त्या मैदानात उतरलेली मादलेन दामरमाँ.

युद्ध संपले. फ्रान्स-विभागाचे शंभराहून अधिक हस्तक बेपत्ता होते. संघटना गुंडाळली गेली होती आणि मेलेल्यांचा शोध घेण्यात कोणाला फारसा रस नव्हता. व्हेरा अॅटकिन्स मात्र हट्टाने जर्मनीला गेल्या. छावण्यांचे पहारेकरी, तुरुंगातले कारकून, सुटलेले कैदी यांच्या जबान्या घेत त्यांनी एकेका नावाचा शेवट शोधला. ६ जुलै १९४४ रोजी नात्झवाइलरच्या छावणीत चौघींना मारण्यात आले होते. तिघींची ओळख पटली आणि चौथी नूर असावी असे त्यांना आधी वाटले. पुढे पुरावे आले तेव्हा कळले, ती सोनिया होती. जिचा इशारा यादीत नाव नाही म्हणून बाजूला पडला, तिचा मृत्यूही काही काळ दुसरीच्या नावावर लिहिला गेला. अॅटकिन्सबाईंच्या शोधात काही प्रायश्चित्ताचाही भाग होता का, हे त्यांनी २००० साली मरेपर्यंत कोणाला सांगितले नाही. मला मात्र त्या सर्व अधिकाऱ्यांत त्यांच्याविषयी अधिक आदर वाटतो. पाठवलेल्या माणसाचा हिशेब पुरा करायला त्या एकट्या निघाल्या.

परत आलेल्यांच्या वाट्याला दुसरेच कोडे आले. पर्ल विदरिंग्टन हिने १९४४ मध्ये आपला प्रमुख पकडला गेल्यावर हजारो फ्रेंच भूमिगतांचे नेतृत्व केले. लष्करी पदक स्त्रीला देता येत नाही म्हणून तिला मुलकी पदक देऊ करण्यात आले. मी मुलकी असे काहीच केले नाही, असे कळवून तिने ते नाकारले. छत्रीधारी सैनिकांचे पंखांचे चिन्ह तिला २००६ मध्ये मिळाले, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी. शस्त्र देताना कायद्यातून वाट काढता आली, सन्मान देताना मात्र कायदा आडवा आला.

नूरला १९४९ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. पण आपल्याकडे तिचे नाव बराच काळ फारसे कोणी घेतले नाही. २००६ साली श्राबणी बसू यांचे चरित्र आले आणि २०१२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये तिचा अर्धपुतळा उभा राहिला. ती ब्रिटिशांसाठी मेली, मग ती आपली कशी, असे मला एका व्याख्यानानंतर कोणी विचारले होते. मुंबईचा तो रेडिओ आणि पॅरिसची ती पेटी, दोन्ही एकाच वहीत लिहिण्याइतका इतिहास आपल्याला मोठा ठेवता आला पाहिजे, हे माझे उत्तर. मुलाखतीच्या टेबलाशी तिने स्वतः तो तसा ठेवला होता.

बडोद्याला जाणाऱ्या वाचकांनी सूरसागरच्या काठी जरूर जावे. मौलाबक्षांच्या गायनशाळेचे आजचे रूप, म्हणजे विद्यापीठाची संगीत-नाट्य शाखा, तिथे आहे. आणि ज्यांची मुले लंडनला असतील त्यांनी त्यांना टॅव्हिटन स्ट्रीटवरचे ४ क्रमांकाचे घर पाहायला सांगावे. फोर्त्सहाइमच्या कोठडीत नूर जेवणाच्या टिनपाट वाडग्याच्या तळाशी खरवडून मजकूर लिही आणि तो वाडगा दुसऱ्या कैद्यांच्या हाती पडे. आपण कोण आहोत हे कोणालातरी कळावे म्हणून तिने त्यावर इंग्रजी नाव घेतले, नोरा बेकर, आणि खाली पत्ता लिहिला, ४, टॅव्हिटन स्ट्रीट, लंडन. तो एका फ्रेंच कैदी स्त्रीने वाचला आणि लक्षात ठेवला. त्याच पत्त्यावर २०२० च्या ऑगस्टमध्ये तिच्या नावाची निळी पाटी लागली. हा तिचा एक संदेश तरी योग्य पत्त्यावर पोचला. त्याला शहात्तर वर्षे लागली.